चिकटपणाचे माप

कोकणातल्या पावसाळ्यात पाकिटे आपली आपण चिकटतात. पुण्याहून कोरी पाकिटे न्यावीत, चार दिवसांनी पत्र घालायला काढावीत, तो प्रत्येकाने तोंड मिटून घेतलेले! हवेतच इतके पाणी की डिंकाला जीभ लावण्याची गरज पडत नाही. आमचा दादा म्हणतो, "गुहागरात पाकीट बंद करायला कष्ट नाहीत, उघडं ठेवायला आहेत."

यंदा गौरी-गणपतीला मी गुहागरला गेलो तेव्हा माझ्या पिशवीत असेच एक पाकीट होते. त्यात काय होते ते आधीच सांगून टाकतो, कारण त्या पाच दिवसांत ते माझ्या मनातून क्षणभरही हलले नाही. आमच्या घराच्या आणि पोफळीच्या वाडीच्या वाटणीपत्राचा तो कच्चा मसुदा होता. पुण्यातल्या एका वकील मित्राकडून मी तो करून घेतला होता. फ्लॅटचे हप्ते, चिरंजिवांची कॉलेजची फी आणि प्राध्यापकाचा पगार यांचा मेळ कसा बसत नाही, हे वाचकांना मी वेगळे सांगायला नको. सौभाग्यवतींचे म्हणणे साधे होते : "तुमचा हिस्सा तुम्ही मागताहात, दुसऱ्याचा नाही. एकदाचं बोलून टाका."

पण दादाशी असे बोलून टाकायला मला पंचेचाळिशी उलटली तरी धीर झालेला नाही. तो माझ्याहून सात वर्षांनी मोठा. वडील लवकर गेले, तेव्हापासून वाडी त्यानेच राखली. आई होती तोवर आम्हां दोघांत बोलणे भरपूर होते. आई जाऊन दीड वर्ष झाले. भांडण म्हणाल तर मुळीच नाही. पण फोनवर मी विचारायचे, "पाऊस कसा आहे?" त्याने म्हणायचे, "आहे." मग दोघांनीही थोडा वेळ फोन कानाला धरून ठेवायचा, आणि ठेवून द्यायचा.

कुंभार्ली घाट उतरून, चिपळूण मागे टाकून एस. टी. गुहागरला पोचली तेव्हा तिन्हीसांजा झाल्या होत्या. ओटीवर दादा अडकित्त्याने सुपारी कातरत बसला होता. झोपाळ्यावर माझी पुतणी पाय वर घेऊन, तोंड पाडून बसलेली. ही पोर मुंबईत एका प्रयोगशाळेत पीएच. डी. करते. एरवी काका दिसला की उडी मारून पिशवी घेणारी मुलगी, पण आज नुसती हसली.

"काय गं, संशोधन काय म्हणतंय?" मी विचारले.

"चिकटलं," ती म्हणाली.

मला वाटले, हल्लीच्या मुलांची ही काहीतरी नवी बोली असावी. आमच्या वर्गातही असले शब्द रोज कानांवर येतात आणि मी समजल्यासारखा चेहरा करतो. पण ती म्हणाली, "खरंच चिकटलं, काका. सहा महिन्यांचं काम. सिलिकॉनच्या पट्ट्या केल्या होत्या. धुऊन वाळवायला ठेवल्या आणि वाळता वाळता सगळ्या खाली बसल्या. आता उठत नाहीत."

मराठीच्या प्राध्यापकाला सिलिकॉनशी काय कर्तव्य? पण मला तेव्हा वाटणीपत्राखेरीज कोणताही विषय हवाच होता. मी खुर्ची ओढली आणि म्हणालो, "नीट सांग. मी अगदी 'ढ' विद्यार्थी आहे असं समज."

"समजायला कशाला हवं?" दादा अडकित्त्यातून मान वर न करता म्हणाला. पण तोही ऐकत होता.

तिने सांगितले ते असे. मिलिमीटरचा हजारावा भाग म्हणजे एक मायक्रॉन. आपला केस साधारण सत्तर-ऐंशी मायक्रॉन जाड असतो. ("तुमच्या डोक्यावर शिल्लक असेल त्यातला एखादा घेऊन बघा," हेही तिने सांगितले.) तिची पट्टी दोन मायक्रॉन जाड, आणि खालच्या जमिनीपासून दोनच मायक्रॉन उंच. एक टोक घट्ट बसवलेले, दुसरे अधांतरी. टेबलाच्या कडेला फूटपट्टीचे एक टोक दाबून धरावे आणि बाकीची बाहेर काढावी, तशी. अशी बारीक यंत्रे आपण रोज खिशात घेऊन हिंडतो. मोबाइल आडवा केला की त्यातले चित्र आडवे होते, ते आतला एक अतिसूक्ष्म झुलता तुकडा कलल्यामुळे. मोटारीला धक्का बसताच हवेची पिशवी फुगवायची की नाही, हे ठरवायलाही १९९०च्या दशकापासून असलाच तुकडा नेमलेला आहे.

"पण मोकळी पट्टी हवेत ठेवता तरी कशी?" मी विचारले.

"स्लॅब घालतात तशी. आधी सेंटरिंग, वर स्लॅब, मग सेंटरिंग काढून टाकायचं. आमचं सेंटरिंग म्हणजे काचेसारखा एक थर. तो आम्लात विरघळतो. मग पट्टी पाण्यात धुवायची आणि वाळवायची. घात होतो तो तिथं. पट्टी आणि जमीन यांच्यामधल्या फटीत शेवटचं पाणी राहतं. ते जाता जाता दोघांनाही आपल्याकडे ओढतं. पट्टी वाकते आणि जमिनीला टेकते. पाणी उडून गेलं तरी ती उठत नाही."

"पाणी गेलं ना? मग धरून कोण ठेवतं?"

"कुणी नाही. दोन पृष्ठभाग इतके जवळ आले, की ते एकमेकांना धरतात. डिंक नको, खिळा नको. प्रत्येक अणूची दुसऱ्या अणूवर थोडी थोडी ओढ असतेच. व्हॅन डर वाल्स नावाच्या डच शास्त्रज्ञाचं नाव तिला दिलं आहे. त्यांना १९१०चं नोबेल मिळालं होतं. ही ओढ तुमच्या-माझ्यातही आहे, पण आपण जाडजूड माणसं, आपल्याला ती जाणवत नाही."

मग तिने मला लहान होण्याचे गणित सांगितले. ते मी अजून विसरलेलो नाही. एखादी वस्तू दहा पटींनी लहान केली तर तिचा पृष्ठभाग शंभर पटींनी कमी होतो, पण वजन कमी होते हजार पटींनी. म्हणजे लहान लहान होत जावे तसे वजन मागे पडते आणि पृष्ठभागाचे राज्य सुरू होते. हत्ती नदीत डुंबून उठतो आणि चालू लागतो; मुंगी एका थेंबात अडकून मरते. पाणी तेच. माझी फूटपट्टी टेबलाला चिकटत नाही, ती वजनदार आणि ताठ आहे म्हणून, आणि दोन्हींचे पृष्ठभाग खडबडीत असल्यामुळे त्या फक्त चार-दोन उंचवट्यांवर भेटतात म्हणून.

दादाचा अडकित्ता थांबला होता. "आणि तुझं काम काय यात?" त्याने लेकीला विचारले. मला वाटते, इतक्या वर्षांत त्याने हे प्रथमच विचारले असावे.

"चिकटपणा मोजणं, बाबा."

दादा हसला. "तो मोजायला मुंबईला कशाला जावं लागतं? आपल्या वाण्याच्या दुकानात बस."

पण मापाची ती गोष्ट खरोखर मोठी गमतीची आहे. इतक्या बारीक पट्टीला चिमट्यात धरून ओढणार कोण, आणि किती जोर लागला ते पाहणार कोण? १९९३ मध्ये मास्त्रान्जेलो आणि शू या दोघा संशोधकांनी यावर एक सुरेख युक्ती मांडली. एकाच तुकड्यावर पट्ट्यांची रांगच करायची, पहिली आखूड, दुसरी थोडी लांब, तिसरी आणखी लांब, अशी. कंगव्याचे दात चढत्या लांबीचे असावेत तशा. सगळ्या एकदम धुऊन वाळवायच्या. आखूड पट्ट्या ताठ असतात, त्या वाकल्या तरी पुन्हा उठतात. लांब पट्ट्या लवचीक, त्या बसतात त्या बसतातच. कोणत्या लांबीपासून पट्ट्या उठेनाशा झाल्या एवढे पाहिले की चिकटपणाचे माप निघते.

"आणि बसलेली पट्टी असते ना," ती पुढे म्हणाली, "तिच्यावरूनही माप काढता येतं. एक टोक वर बांधलेलं, दुसरं खाली चिकटलेलं, मधला भाग वळण घेऊन अधांतरी. हा मधला अधांतरी भाग किती लांब आहे ते मोजायचं. चिकटपणा जास्त असेल तर पट्टी अगदी मुळापर्यंत खाली ओढली जाते आणि अधांतरी भाग थोडा उरतो. तो निम्मा झाला तर चिकटपणा दुप्पट नव्हे, सोळापट! लांबीचा चौथा घात येतो तिथे."

"पण अधांतरी भाग दिसतो कसा?"

"प्रकाशात. रस्त्यावरच्या पाण्यात तेल सांडलं की रंगांचे पट्टे दिसतात ना, तसे पट्टे सूक्ष्मदर्शकाखाली पट्टीवर उमटतात. जिथं पट्टे संपतात तिथं चिकटणं सुरू."

"म्हणजे चिकटलेल्या भागाकडे बघायचंच नाही?"

"नाही. मोकळं किती राहिलं ते बघायचं."

मी गप्प झालो. पिशवीतले पाकीट मला आठवले. दीड वर्षातली आमची फोनवरची संभाषणेही आठवली. चिकटून बसलेली दोन माणसे आणि मध्ये अधांतरी राहिलेले बोलणे, फार तर दोन-चार शब्दांचे. पण हे असे मनात येणे हा आमच्या व्यवसायाचा दोष आहे. आम्हांला साधे पाणी दिले तरी त्यात आम्ही प्रतिमा शोधतो. मी तो विचार झटकला.

तेवढ्यात आढ्यावर पाल चुकचुकली. वहिनी आतून "कृष्ण कृष्ण" म्हणाल्या. आमच्या घरी पंचांगातले पल्लीपतनाचे कोष्टक आई तोंडपाठ म्हणत असे : पाल कोणत्या अंगावर पडली असता काय फळ मिळते ते. पुतणी पालीकडे बोट दाखवून म्हणाली, "काका, आमच्या विषयातली खरी पंडित ती बघा!"

पाल आढ्याला उलटी चालते ती कशाच्या बळावर, यावर फार वर्षे वाद होता. कुणी म्हणत चिकट द्रव, कुणी म्हणत वाटीसारखी पोकळी. टोके नावाच्या मोठ्या जातीच्या पालीच्या एका पावलावर पाच लाखांच्या आसपास अतिबारीक केस असतात, आणि प्रत्येक केसाच्या टोकाला शेकडो फाटे. केलर ऑटम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००० साली असा एकच केस घेतला आणि त्याची पकड मोजली. मोजायला घेतली ती सिलिकॉनची एक सूक्ष्म पट्टीच! एका केसाची पकड भरली सुमारे दोनशे मायक्रोन्यूटन, म्हणजे एक मुंगी उचलून धरण्याइतकी. २००२ मध्ये त्यांनीच दाखवले, की ही पकड मुख्यतः त्या डच शास्त्रज्ञाच्या ओढीची आहे. द्रव नाही, पोकळी नाही, नुसती जवळीक.

"तानाजीची यशवंती घोरपड पण अशीच चढली असेल," मी माझे ज्ञान पुढे सरकवले.

"ती दंतकथा खरी धरली तरी घोरपड नख्यांनी धरते, काका. तिच्या पायाला असले केस नसतात."

१६७० सालचा सिंहगड मी निमूटपणे परत घेतला. मग मी एक बरा प्रश्न विचारला, असे मला आजही वाटते. "पाल इतकी घट्ट चिकटते, तर पुढचं पाऊल उचलते कशी?"

"कोन बदलते. केस भिंतीशी साधारण तीस अंशांपेक्षा जास्त उभा झाला की अलगद सुटतो. पाल सरळ ओढत नाही. ती कडेनं उलगडते."

दुसऱ्या दिवशी गणपती बसले. स्वयंपाकघरात वहिनींची मोदकांची गडबड. पुतणी उकड मळत होती आणि मी नारळ खवत होतो. प्राध्यापकाला घरात याहून वरची जागा मिळत नाही. वहिनी दर मोदकाला वाटीतल्या तेलात बोट बुडवत होत्या, आणि मोदकपात्रात हळदीची पाने अंथरत होत्या.

"भाऊजी, तेलाचं बोट नसेल तर पारी बोटालाच बसते," त्या म्हणाल्या.

"आमच्याकडेही हेच करतात," पुतणी म्हणाली. "पट्टीवर तेलासारख्या रेणूंचा थर चढवायचा, जाडी एका रेणूएवढी. मग पट्टी टेकली तरी चिकटत नाही, चिकटलीच तर थोडक्यात सुटते." तिने मग त्या आरशांची गोष्ट सांगितली. लॅरी हॉर्नबेक या अमेरिकन शास्त्रज्ञाने १९८७ मध्ये सूक्ष्म आरशांची एक चकती शोधून काढली. तिच्यावर केसाच्या जाडीहूनही लहान असे लाखो आरसे बसवता येतात, आणि प्रत्येक आरसा सेकंदाला हजारो वेळा इकडून तिकडे कलतो. पुढे चित्रपटगृहांतल्या कितीतरी पडद्यांवर याच आरशांनी चित्र उमटवले. कलला की आरसा खाली टेकतो, आणि टेकला की चिकटण्याचे भय. एक चिकटला की पडद्यावर एक ठिपका कायमचा अडकला! त्यांनाही शेवटी असाच एक रेणूएवढा थर द्यावा लागला. फणस फोडण्यापूर्वी आपण हाताला आणि विळीला खोबरेल लावतो, त्यातलाच हा प्रकार.

तेव्हा मात्र माझ्यातला शिक्षक जागा झाला. मी म्हणालो, "संस्कृतात तेलाला शब्द कोणता ठाऊक आहे? स्नेह! स्नेह म्हणजे तेल, आणि स्नेह म्हणजे माया. आणि आसक्ती म्हणजे मुळात चिकटणं."

वीस वर्षे मी हे वर्गात सांगत आलो आहे. मुले लिहून घेतात आणि पुढे जातात. पुतणी उकड मळायची थांबली. म्हणाली, "म्हणजे चिकटू नये म्हणून मध्ये लावायचा, तो स्नेह?"

मला उत्तर सुचले नाही. वहिनी म्हणाल्या, "खोबरं पुरे झालं, भाऊजी. आता वाटी संपली, करवंटी खवता आहात."

पाचव्या दिवशी विसर्जन. सुरूच्या बनातून आम्ही किनाऱ्यावर गेलो. गुहागरचा तो लांबच लांब किनारा, आणि त्यावर डोक्यावर पाट घेतलेली माणसे. मूर्ती पाण्यात गेली, की पाटावर मूठभर ओली वाळू घेऊन घरी यायचे, ही आमच्याकडची रीत. आईने ती कधी चुकू दिली नाही. यंदा दादाने वाळू घेतली आणि सवयीप्रमाणे पाट माझ्या हाती दिला. वाळूवर त्याच्या बोटांचे ठसे जसेच्या तसे उमटलेले. कणाकणांमध्ये पाण्याचे छोटे पूल असतात, म्हणून ओली वाळू आकार धरते. लहानपणी दिवाळीचा किल्ला आम्ही याच वाळूचा करत असू. दादा तटबंदी घाली आणि मी तिच्यावर नेमका पाय देई.

सकाळी देवघरात पाहिले तर वाळू सुकली होती. ठसे गेले होते. नुसती सुटी रास.

निघायच्या आदल्या रात्री वहिनींनी आईची ट्रंक उघडली. लुगडी वाटायची होती. तळाशी आईची हिशेबाची वही निघाली, जाड पुठ्ठ्याची. मी शिकायला पुण्याला होतो, त्या वर्षांतली. आई मनिऑर्डरींच्या पावत्या घरच्या खळीने वहीत चिकटवी. इतक्या पावसाळ्यांत खळ ओली झाली, सुकली, पुन्हा ओली झाली, आणि वहीची वीट झाली होती. मी दोन पाने धरली आणि ओढली. टर्रकन आवाज झाला आणि कोपरा हातात आला.

"काका, ओढू नका!" पुतणी ओरडली. तिने वही माझ्याकडून काढूनच घेतली. एका मोठ्या पातेल्यात ओले फडके घातले, वर चाळण उपडी घातली, तिच्यावर वही ठेवली आणि झाकण लावले. म्हणाली, "रात्रभर दमट हवा लागू दे. घाई केली की कागद फाटतो, चिकटलेली जागा सुटत नाही."

मग हात पुसता पुसता ती मला सांगू लागली, की मुंबईला गेल्यावर ती पट्ट्या पाण्यातून काढून वाळवणार नाही. पाण्याच्या जागी आधी दुसरा द्रव आणि मग द्रवरूप कार्बन डायऑक्साइड घालायचा. त्याला एकतीस अंशांच्या वर उष्णता आणि हवेच्या सुमारे त्र्याहत्तर पटींवर दाब दिला, की द्रव आणि वायू यांच्यातला फरकच नाहीसा होतो. मग हळूहळू दाब काढून घ्यायचा. द्रवाला पृष्ठभाग उरत नाही, म्हणून तो जाता जाता कुणाला ओढत नाही. तिचा चेहरा चार दिवसांत प्रथमच उजळला होता.

पहाटे आम्ही पातेल्याभोवती बसलो. दादासुद्धा. पुतणीने एक पातळ पट्टी दोन पानांच्या कडेतून सारली आणि केसभर केसभर पुढे नेली. अर्ध्या तासाने एक जोडी सुटली. डाव्या पानावर आईच्या अक्षरात मथळा होता 'थोरला', उजव्या पानावर 'धाकटा'. थोरल्याच्या पानावर जमा : सुपारी, नारळ, दुसऱ्यांच्या वाडीतली मजुरी. धाकट्याच्या पानावर खर्च : खानावळ, फी, पुस्तके, एम. ए.चा फॉर्म. पण शाई फुटली होती. डावीकडचे आकडे उजवीकडे उलटे उमटले होते आणि उजवीकडचे डावीकडे. एकाच रकमेवर दुसरी रक्कम बसलेली. मी चष्मा लावून लावून पाहिले. कोणता आकडा कुणाच्या नावचा, ते कुठे कुठे लागेना.

दुसऱ्यांच्या वाडीतली मजुरी! दादा दुसऱ्यांच्या पोफळींवर चढत होता हे मला ठाऊक नव्हते. की ठाऊक होते आणि मी विचारले नव्हते? याचे उत्तर मी अजून शोधतो आहे.

"पुढची पानं सोडवू?" पुतणीने विचारले.

"राहू दे," दादा म्हणाला. "काय लिहिलंय ते मला पाठ आहे."

एस. टी. स्टँडवर तो मला पोचवायला आला. नारळांचे गाठोडे त्याने माझ्या पायाशी ठेवले आणि गाडीकडे बघत म्हणाला, "तुझ्या पिशवीतलं पाकीट द्यायचं राहिलं ना?"

माझ्या तोंडून शब्द फुटेना.

"अरे, वकिलाचं नाव बाहेर छापलेलं आहे. पहिल्या दिवशीच दिसलं. तुझं काही चुकत नाही. पण मला वाटत होतं, तू बोलशील."

"मला वाटत होतं, तू विचारशील," मी म्हणालो.

गेल्या दीड वर्षात आम्ही एकमेकांना बोललेली ही पहिली दोन खरी वाक्ये. मी घाईघाईने पाकीट काढले. ते पाच दिवसांत आपले आपण चिकटले होते, पार टोकापासून टोकापर्यंत. मी फाडायला बोट घातले, तो दादाने माझा हात धरला. "इथं उभ्या उभ्या नको. दिवाळीला सगळे या. तुझी अडचण काय, वाडीचं उत्पन्न काय, नीट कागदावर मांडू. पाकीट तोवर राहू दे तुझ्याकडेच."

गाडी सुटली. चिपळूण येईपर्यंत पाकीट माझ्या हातातच होते.

हा अंक आपल्या हाती पडेल तेव्हा आम्ही गुहागरला असू. पुतणीचा परवा फोन आला होता. तिच्या नव्या पट्ट्यांपैकी बऱ्याच उभ्या राहिल्या आहेत. काही अजून बसतात. वाटणी होईल की नाही, झाली तर कशी, हे मला आज सांगता येणार नाही. हप्ते आहेतच, आणि आईच्या वहीतले 'धाकट्या'चे पानही आहे. एवढे मात्र ठरले आहे, की पाकीट फाडायचे नाही. वहिनी मोदकपात्रात पाणी उकळत ठेवतील, आणि दादा आणि मी दोघे मिळून ते वाफेवर धरू.